बाबलीची हमी

तीस वर्षांच्या स्पोर्ट्स कारचे ब्रेक शोरूमने दोनदा दुरुस्त केले, दोन्ही वेळा छापील हमी दिली आणि दोन्ही वेळा उतारावरच ते दगा देऊन गेले. म्हणून मिहीर पिंगुळीच्या बाबली मेस्त्रीकडे आला होता. आता बाबली उताराच्या तळाशी, रस्त्याच्या मधोमध उभा होता. ब्रेकचं काम केलं की तो असाच उभा राहायचा.

"येवंदे गाडी!" तो ओरडला.

वर गाडीत बसलेल्या मिहीरने हँडब्रेक सोडला. गाडी सुटली. बाबली जवळ आला, आणखी जवळ आला. मिहीरने जीव खाऊन पेडल दाबलं.

बाबलीच्या गुडघ्यांपासून वीतभरावर गाडी थांबली.

"मेस्त्रीनू, तुमका भ्या वाटणा नाय?"

बाबलीने घाम पुसला. "दर खेपेक वाटता. म्हणानच एकेक नट दोनदा आवळतंय."