माझी मुलाखत, आईची चौकशी

मुलींच्या कॉलेजात जायची मला काडीचीही हौस नव्हती. आमच्या ऱ्होड आयलंडच्या सरकारी विद्यापीठात मुलगे होते, फुटबॉल होता, आणि माझ्या निम्म्या मैत्रिणी तिकडेच निघाल्या होत्या. पण आई ब्रॅकेट या मुलींच्या कॉलेजात शिकलेली. त्याचं नाव निघालं की ती देवळात शिरल्यासारखी आवाज खाली आणायची. नुसतं बघून तरी ये, म्हणाली. बदल्यात हिवाळाभर शनिवारी गाडी मला मिळणार होती, म्हणून मी तयार झाले.

ऑक्टोबरात आम्ही मॅसॅच्युसेट्सच्या त्या डोंगराळ भागात निघालो. आईने आदल्या दिवशी केस सेट करून घेतले होते. मुलाखत माझी होती, तरीही. वाटभर सूचना चालू होत्या. च्युइंगगम टाकून दे. खुर्चीत पसरून बसू नकोस. आवडतं पुस्तक विचारलं तर निदान वाचलेलं सांग. आणि वडिलांचा विषय निघालाच तर कामानिमित्त बाहेर असतात म्हणायचं. वडील चार वर्षांपूर्वी दातांच्या दवाखान्यातल्या बाईबरोबर फ्लोरिडाला निघून गेले होते. म्हणजे बाहेर होतेच.

आधी कॉलेज दाखवायचा कार्यक्रम झाला. गाइड म्हणून दिलेली मुलगी आमच्याकडे तोंड करून उलटी चालायची आणि कचऱ्याच्या डब्याला धडकली तरी बोलणं थांबवायची नाही. तळं दाखवलं, घंटा दाखवली, शुक्रवारचा चहा कुठे होतो ते दाखवलं. पहिल्या वर्षाच्या मुली मे महिन्यात पांढरे कपडे घालून त्या तळ्याला प्रदक्षिणा घालतात म्हणे. का, ते तिलाही माहीत नव्हतं. आई मात्र डोळे पुसत होती. मी विचारलं, इथे मुलगे कधी दिसतात?

"शनिवारी बसने येतात," गाइड म्हणाली, "आणि रविवारी बसनेच जातात. मला तर ही व्यवस्था फार आवडते."

सगळे पालक हसले. एका मुलीचे वडील तेवढे हसले नाहीत. त्यांनी बसची वेळ विचारून घेतली.

मुलाखत घेणार होत्या मिस ट्रॅस्क. आईला बाहेरच बसायला सांगून मला एकटीला त्यांच्याकडे आत पाठवलं. उंच, सडपातळ बाई, करड्या केसांचा घट्ट अंबाडा, आणि नजर अशी की मी आपोआप सरळ बसले. त्यांनी माझी फाइल उघडली, माझ्या हनुवटीकडे बघितलं आणि फाइल मिटली.

"कोरीन लॅथ्रॉप. म्हणजे तू रॉयसची मुलगी."

मी हो म्हटलं.

"अजून गातो का तो?"

आईने शिकवलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं. पण ते या प्रश्नाला बसेना. मग मी खरं ते सांगून टाकलं. गातात की नाही माहीत नाही, घरी आमच्याकडे नसतात, दात साफ करायला गेले होते आणि साफ करणारीलाच घेऊन गेले.

मिस ट्रॅस्कनी चष्मा काढला. आधी वाटलं रडतायत. पण त्या हसत होत्या, अगदी खांदे हलवून, तोंडावर रुमाल धरून. थांबायचा प्रयत्न करत होत्या, पण जमत नव्हतं. शेवटी पाणी प्यायल्या.

"माफ कर मला. हे फार वाईट वागणं झालं."

"हसा की," मी म्हटलं. "आमच्याकडे यावर अजून कोणीच हसलेलं नाही."

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्या आणि माझी आई एका खोलीत राहायच्या. रॉयस पलीकडच्या मुलांच्या कॉलेजातला, गाणाऱ्या टोळीतला, आणि त्याचं लग्न मिस ट्रॅस्कशी जवळजवळ ठरलेलं. एका शनिवारी यांना ताप होता, म्हणून आई यांचाच निळा कोट घालून नाचाला गेली.

"कोट परत आला," मिस ट्रॅस्क म्हणाल्या. "रॉयस नाही आला."

त्यानंतर खोली बदलून मिळाली नाही. वर्ष संपेपर्यंत दोघी तिथेच राहिल्या, मध्ये पुस्तकांचं कपाट आडवं लावून. माझ्या तोंडून निघून गेलं की मुली इथे एकमेकींशी असं वागत असतील तर मी इथे का यावं?

त्यांनी थोडा विचार केला. "आमच्या घरी मुलींनी आवाज चढवायचा नसतो. इथे मी तुझ्या आईशी भर जेवणघरात भांडले. ताटल्या आपटून. कोणी गप्प बस म्हटलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर्गात पहिल्यांदा हात वर केला."

हे कॉलेजच्या चकचकीत माहितीपत्रकात कुठेच नव्हतं. आमच्या शाळेत मी मुलग्यांच्या फालतू विनोदांना हसायची. का हसते, हे मला त्या खुर्चीत पहिल्यांदा टोचलं.

मग त्या म्हणाल्या की फाइलवरचं नाव बघून त्यांनी ती मुद्दाम स्वतःकडे ओढून घेतली होती, हे बरोबर नव्हतं, आणि आता माझ्याबद्दल चांगलं लिहिलं काय किंवा वाईट, दोन्ही लबाडीच होईल. मला त्यांनी शेजारच्या खोलीतल्या एका तरुणाकडे सोपवलं. त्याने जांभई दाबत विचारलं, तू भाजी असतीस तर कुठली असतीस? मी मुळा म्हटलं. का, ते मला आजही सांगता येणार नाही. त्याने लिहून घेतलं.

बाहेर आले तर मिस ट्रॅस्क आईसमोर उभ्या होत्या. आई दचकलेली दिसत नव्हती. तेव्हा कुठे त्या सेट केलेल्या केसांचा अर्थ मला लागला.

"बर्नी, म्हातारी झालीस तू," मिस ट्रॅस्क आईला म्हणाल्या.

"तू काय कमी झालीस, कॉनी?"

दोघी कॉफी प्यायला गेल्या आणि मला विसरल्या. मी तळ्याकाठी बसून बदकं बघत राहिले. पार उन्हं कलल्यावर आई आली. नाक लाल, काजळ गालावर. गाडीत बसल्यावर तिने आरशात बघून गाल पुसले. मग म्हणाली की कॉनी तिथे आहे हे तिला वर्षभरापूर्वीच कळलं होतं, माफी मागायची म्हणून ती आली होती, आणि माफी तेवढी राहूनच गेली.

"मग इतका वेळ केलंत काय?"

"तिने त्या दातवालीचं नाव विचारलं. मी म्हटलं, ट्रिक्सी. कुत्रीला ठेवावं तसं नाव! मग आम्ही हसायलाच लागलो. वेटरने येऊन विचारलं, काही त्रास होतोय का."

आणि गाडी चालवता चालवता आई पुन्हा हसायला लागली. तिला असं हसताना मी कितीतरी दिवसांनी बघत होते. पुढे रस्त्याकडे बघ, एवढं मात्र मला सांगावं लागलं.

एप्रिलमध्ये दोन्हीकडून मला घेतल्याचं कळलं. आई म्हणाली, तुला हवं तिथे जा. मी ब्रॅकेटला गेले. ट्रिक्सीमुळे नाही आणि मुळ्यामुळेही नाही. ताटल्या आपटून भांडायचं आणि मग हात वर करायचा, हे मला स्वतःला करून बघायचं होतं.

फक्त एक गोष्ट आधी लक्षात आली नाही. आई आणि मिस ट्रॅस्क आता दर रविवारी फोनवर तासभर बोलायच्या. मी कुठला तास बुडवला, केस कुठल्या रंगाचे केले, शनिवारच्या बसमधल्या कोणाशी बोलत उभी होते, हे सगळं मी घरी फोन करायच्या आत आईला कळलेलं असायचं. चार वर्षं हे चाललं, आणि मी काही करू शकले नाही.