दुपारचा रकाना

बगळ्याने चौदा दिवसांची जेवणं दवाखान्याच्या बाकावर बसून पंधरा मिनिटांत लिहून काढली. पेनही शेजारच्या बाईंकडून मागून घेतलेलं.

बगळा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. बांधकामावरच्या उंच क्रेनच्या केबिनमध्ये लांबलचक पाय दुमडून तो दिवसभर बसायचा, म्हणून साइटवर सगळे त्याला बगळाच म्हणत. बावीस वर्षं तो हेच काम करत होता. महिन्याभरापूर्वी तपासणीत रक्तातली साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी सकाळची एक गोळी सुरू केली आणि त्याला आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. बाईंनी एक वही दिली. प्रत्येक पानावर चार रकाने होते: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र.

"तोंडात जाईल ते लिहायचं," बाई म्हणाल्या होत्या. "काय, किती आणि किती वाजता. मला खूश करायला लिहू नका."

त्याच दिवशी वही कपाटावर जाऊन पडली ती आजच खाली आली.

सकाळचं आठवत होतं. रात्रीचं त्याने निम्मं करून लिहिलं. दुपारच्या रकान्यापाशी मात्र पेन अडलं, कारण दुपारी तो काही खातच नसे. क्रेनच्या शिडीवरून उतरायला पंधरा मिनिटं लागत, चढायला वीस. वर संडास नाही, म्हणून पाणीसुद्धा घोटभरच. शिवाय तो खाली उतरला की चाळीस माणसं हातावर हात धरून बसायची. मुकादम येईल त्याला कौतुकाने सांगायचा, "आमचा बगळा एकदा वर गेला की काम संपल्यावरच उतरतो." ते ऐकलं की बगळ्याची छाती फुगायची. बायकोने दिलेला डबा तो संध्याकाळी क्रेनच्या पायथ्याशी उभ्या उभ्या फस्त करायचा आणि घरी जाऊन पुन्हा पोटाला तडस लागेपर्यंत जेवायचा. बायकोला डबा रिकामा दिसायचा, ती समाधानी.

हे कसं लिहिणार? त्याने लिहिलं: साडेबारा वाजता, पाव, भाजी, एक उकडलेलं अंडं. चौदा पानांवर तेच.

बाईंनी वही वाचली. मधे एकदा थांबून चष्म्यावरून पाहिलं.

"रोज साडेबारालाच जेवता?"

"आमचं काम घड्याळावर चालतं, मॅडम."

"आणि रोज हेच?"

"मला चालतं."

बाईंनी रक्ताचा नवा रिपोर्ट उघडला. साखर तसूभरही उतरली नव्हती. त्या आत डॉक्टरांशी बोलून आल्या. "जेवण तर वेळेवर दिसतंय, तरी साखर हटत नाही. डॉक्टरांनी गोळी वाढवलीय. आता एक लक्षात ठेवा, दुपारचं जेवण चुकवायचं नाही. घाम फुटला, हात कापायला लागले, तर साखर एकदम खाली आलीय असं समजायचं आणि लगेच काहीतरी गोड तोंडात टाकायचं."

"बरं," बगळा म्हणाला. त्याचं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं.

चौथ्या दिवशी, पाऊण वाजण्याच्या सुमारास, त्याने काँक्रीटची एक तयार भिंत उचलली. अडीच टनांची. ती आठव्या मजल्याच्या कडेला नेऊन ठेवायची होती. तिथे तिघे उभे होते आणि त्यांतला, भिंतीला बांधलेला दोर धरून तिला वळवणारा माणूस होता त्याचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला या कामावर बगळ्यानेच लावलं होतं.

"भावोजी, डावीकडे घ्या," रेडिओवर मेहुण्याचा आवाज आला. "अजून. बस."

बगळ्याने क्रेन फिरवायचा दांडा लगेच सोडायला हवा होता. तो एक क्षण उशिरा सुटला. भिंत पुढे गेली आणि डुलत मागे आली.

"अहो, हळू!"

त्याच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यांत गेला. पुसायला हात उचलला तर हात आपला वाटेना. बोटं नुसती लटलट कापत होती. खाली पाहिलं तर मेहुण्याच्या पिवळ्या टोप्या दोन झाल्या होत्या. त्याने दोन्ही हात दांड्यांवरून काढून मांडीखाली दाबले. दांडे सोडले की क्रेन जागच्या जागी थांबते, एवढं त्याला कळत होतं. भिंत तिघांच्या डोक्यावर लोंबकळत राहिली.

"भावोजी? खाली घ्या ना. काय झालं?"

रेडिओचं बटण दाबायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. जीभ जड झाली होती.

"बाजूला व्हा," तो म्हणाला. "सगळे. लांब."

"का? दोर सुटला का?"

"लांब हो म्हणतो ना!"

बाकीचे दोघे मागे पळाले. मेहुणा तेवढा दोर धरून उभाच राहिला. सोडला असता तर भिंत गरगरली असती. बगळ्याला वाटलं, आपल्याला झटका आला. साखर वाढलीय, रात्री जास्त जेवलो, त्याचं हे फळ. मग बाईंचं बोलणं कुठून तरी वर आलं: घाम, हात कापणं, गोड. पण गोड तर आपल्याला विष! त्याला काही सुधरेना. वाढली असेल आणि वर गोड खाल्लं तर? आणि उतरली असेल आणि नाही खाल्लं तर?

मग त्याला दुपारचा रकाना आठवला. पाव, भाजी, अंडं. बाईंना वाटतंय की आपण आत्ता जेवलोय. पोट तर सकाळपासून रिकामं, म्हणजे साखर उतरलीच असणार.

सीटखालच्या खणात सुट्टीच्या दिवशी बदलीवर येणाऱ्या क्रेनवाल्याचं सामान असे. बगळ्याने तो खण उचकटला. हातमोजे, चिंधी आणि घसा बसल्यावर चघळायच्या गोड गोळ्यांचं पाकीट. कागद सुटेनात. त्याने दातांनी फाडले आणि पाच-सहा गोळ्या कडाकडा चावून गिळल्या. मग डोळे मिटून बसला. खाली मुकादम ओरडत होता, कुणीतरी शिट्टी वाजवत होतं. मेहुणा रेडिओवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मी धरलंय, भावोजी. मी धरलंय."

दहा-बारा मिनिटं गेली असतील. हात हळूहळू स्वतःचे झाले. टोपी एकच दिसू लागली. त्याने भिंत इंचाइंचाने मागे घेतली, मोकळ्या जागेवर जमिनीला टेकवली आणि क्रेन बंद केली.

शिडी उतरताना प्रत्येक टप्प्यावर तो बसत होता. खाली मेहुणा उभा होता. त्याच्या तळहातांची सालं निघाली होती.

"काय झालं होतं?"

"वारा," बगळा म्हणाला.

मेहुण्याने इमारतीला लावलेल्या हिरव्या जाळीकडे पाहिलं. जाळी पडद्यासारखी सरळ लोंबत होती. "वारा," तो म्हणाला आणि पाठ फिरवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बगळा कामावर गेला नाही. बाईंची वेळ घेतलेली नव्हती, तरी दारात जाऊन उभा राहिला. वही त्यांच्यापुढे ठेवून म्हणाला, "यातली दुपार खोटी आहे. रात्रपण निम्मी खोटी."

बाईंनी दार लावून घेतलं. त्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"या वहीच्या भरवशावर मी डॉक्टरांना गोळी वाढवायला सांगितलं," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "माणसं मेली असती. तुम्हीसुद्धा."

"हो."

त्यांनी वहीची पानं उलटली आणि म्हणाल्या, "चौदा दिवस एकच जेवण. मला तेव्हाच खटकलं होतं. बाहेर रांग होती, म्हणून मी पुढे खोदून विचारलं नाही."

मग त्यांनी कोरं पान काढलं आणि स्वतः लिहायला बसल्या. सकाळी किती वाजता, काय. मग थेट संध्याकाळ. मग रात्री किती, खरं सांगा. लिहून झाल्यावर त्यांनी पान त्याच्याकडे फिरवलं. मधे दहा तास रिकामे, आणि नंतरच्या तीन तासांत दिवसभराचं खाणं. बगळ्याने पानाकडे बराच वेळ पाहिलं. आपण खादाड आहोत, असं तो आजवर समजत होता. उपाशी आहोत, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"गोळी डॉक्टर आज बदलतील," बाई म्हणाल्या. "पण साइटवर तुम्ही सांगायचं. मी नाही."

साइटच्या इंजिनिअरने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "डॉक्टरांचा कागद येईपर्यंत शिडीला हात लावायचा नाही." मुकादमाने मान खाली घातली. बगळ्याला गोदामात खिळे-बोल्ट मोजायला बसवलं. घरी बायको पहिल्यांदा रडली, मग भडकली. "रोज रिकामा डबा बघून मला वाटायचं, वेळेवर जेवतोय माझा माणूस! आणि माझा भाऊ खाली उभा होता, अहो!" दोन दिवस तिने अबोला धरला. मेहुणा तर शेजारच्या इमारतीवरच्या दुसऱ्या क्रेनकडे बदली मागून गेला.

बगळा लिहीत राहिला. चोरून खाल्लेली बिस्किटंही लिहिली. बाई दर आठवड्याला पान वाचत, एखाद्या ओळीखाली रेघ ओढत, विचारत, "इथे काय झालं?" तो सांगे. रात्रीचं जेवण आपोआप आटलं. दुपारी जेवलेल्या माणसाला रात्री तेवढी भूकच लागत नव्हती. सातव्या आठवड्यात डॉक्टरांनी कागद दिला. इंजिनिअरने अट घातली: दुपारी एक तास क्रेन बंद, क्रेनवाला खाली.

पहिल्या दिवशी तो साडेबाराला उतरला तेव्हा चाळीस माणसं त्याच्याकडे बघत होती. मुकादम घड्याळ बघत होता. बगळ्याचे कान तापले. तरी तो एका फळीवर बसला, डबा उघडला आणि सावकाश जेवला. घास घशात अडकत होते. दुसऱ्या दिवशी जरा कमी अडकले.

त्या रविवारी मेहुणा बहिणीला भेटायला घरी आला. बगळ्याशी बोलला नाही. चहा पिऊन झाल्यावर कप ठेवत बहिणीला म्हणाला, "ताई, उद्यापासून मी परत यांच्याच क्रेनखाली."

बगळ्याने मान वर केली. "का रे? तिकडे काही बिनसलं?"

मेहुण्याने इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"तिकडचा क्रेनवाला," तो म्हणाला, "दुपारी उतरत नाही."