पाण्यातले रान

धरणाच्या काठावर वर्षभर पाचोळा कुजतो. त्याचा फिकट अर्क पाण्यात उतरतो आणि शुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशीच क्लोरीनशी त्याची गाठ पडते. त्या भेटीतून जी संयुगे जन्मतात, ती डोळ्यांना दिसत नाहीत. प्रयोगशाळेतल्या यंत्राच्या पडद्यावरील आलेखात मात्र त्यांची शिखरे उभी राहतात. सातव्या महिन्याची गरोदर रसायनज्ञ त्या शिखरांकडे पाहत राहिली. सर्वांत उंच शिखर सुरक्षित मर्यादेची रेघ ओलांडून गेले होते.

केंद्रप्रमुख हे तिचे सासरेच. त्यांच्या धाकट्या भावाला लहानपणी दूषित पाण्यातल्या पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, एका दिवसात ओढून नेले होते.

“बाबा, ही संयुगं वर्षानुवर्षं पोटात गेली तर कर्करोगाचा धोका वाढू शकतो. बाळाला काय होतं, ते अजून कुणाला नीट ठाऊक नाही. आणि मला तर हेच पाणी प्यायचंय.”

“क्लोरीनला हात लावायचा नाही, सूनबाई! तुझी संयुगं मारतील तेव्हा मारतील. जंतू उद्या सकाळी मारतात.”

“कमी करा असं कोण म्हणतंय? जागा बदला. आधी गाळ बसू द्या, पाणी गाळून घ्या, मग क्लोरीन घाला. पाचोळाच नसेल तर क्लोरीन भांडेल कुणाशी?”

“तू वकील व्हायचीस, चुकून इथे आलीस.” मग त्यांनी मान डोलावली. “पण शेवटच्या नळाला क्लोरीन पोचलं नाही, तर दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यासारखं.”

क्लोरीन घालायची जागा बदलली. आठवड्याने ते स्वतः वस्तीच्या टोकाला, शिंप्याच्या दुकानामागच्या शेवटच्या नळावर गेले. काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यांनी चाचणीची गोळी टाकली. पाणी तसेच राहिले. त्यांनी नळी डोळ्यांजवळ धरली. मग तळाशी गुलाबी छटा उमलली आणि हळूहळू नळीभर पसरली. क्लोरीन पोचले होते. त्याच नळाचे पाणी बाटलीत बंद करून त्यांनी सुनेपुढे ठेवले.

पडद्यावर या वेळी शिखरे नव्हती. रेघेच्या बऱ्याच खाली लहानशा टेकड्या होत्या.

“शून्य का नाही?”

“पानं गळायची थांबतात का, बाबा?”

जन्मभर त्यांनी पाण्यात शत्रूच शोधला होता. धरणाकाठचे प्रत्येक झाड घराघरांतल्या पेल्यात उतरते, हे त्यांच्या मनात कधी आलेच नव्हते. त्यांनी नळाखाली पेला भरला आणि खिडकीच्या उजेडात धरला. आरपार निर्मळ, रिकामा वाटावा असा.

“यात रान आहे म्हणतेस?”

“थोडंसं.”

त्यांनी पेला दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

“घे. सावकाश पी.”