बसून धावणाऱ्या मुलीची चटई

मित्रांनो, मी व्हिडिओ गेमची एक जुनी चटई आहे. माझ्या अंगावर चार बाण आहेत, एक कोपरा फाटलेला आहे आणि पोटात राग आहे. तो आधी ऐकून घ्या, मग खुशाल मला पाय पुसा.

कारखान्यात रबराच्या दोन थरांमध्ये तारा घालून मला बनवलं. काम सोपं. टीव्हीच्या पडद्यावर बाण उमटला की खेळणाऱ्याने माझ्या अंगावरच्या तशाच बाणावर उडी मारायची. तुडवून घेणं हाच माझा धंदा.

मला घरी आणलं ते बबडीसाठी. ती तेव्हा तिसरीत होती. शाळेतून आली की सोफ्यावर लोळत मोबाईल बघायची. "हिला जरा हलू द्या," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. सुरुवातीला काय नाचली ती! आईबाबाही उड्या मारून धापा टाकायचे. मला धन्य वाटायचं.

मग खालच्या मजल्यावरचे काका वर आले. "अहो, आमच्या डोक्यावर हत्ती पाळलाय का तुम्ही?"

बाबा ओशाळले. काका गेल्यावर त्यांनी मला उचलून टीपॉयवर पसरलं आणि बबडीला सोफ्यावर बसवलं. "हाताने दाब बाण. खेळ तोच आहे."

खेळ तोच? माझ्या तारा तापल्या. पण चटईचं ऐकतो कोण? बबडी बसल्या बसल्या हात आपटू लागली. पडदा तर ठार आंधळा, त्याला पाय काय नि हात काय. 'शाब्बास, आज तू खूप धावलीस,' असं तो रोज लिहायचा आणि बाबा ते पाहुण्यांना वाचून दाखवायचे. मैत्रिणी खाली खेळायला बोलवायला आल्या, की दारातूनच सांगायचे, "तिचा व्यायाम झालाय." खोटं बोलायचा पडदा, ते खरं मानायचे बाबा आणि नाव व्हायचं माझं. संताप यायचा नाही तर काय?

एका दुपारी वीज गेली. बबडी मला काखोटीला मारून इमारतीच्या आवारात उतरली. "मी यावर रोज धावते. पहिली येते," तिने ऐटीत सांगितलं. पकडापकडी सुरू झाली. एका फेरीतच तिला धाप लागली आणि ती जिन्याच्या पायरीवर बसली.

"हिला लिंबूटिंबू करा," तळमजल्यावरची काटकुळी मुलगी म्हणाली. "धरलं तरी आउट नाही."

लिंबूटिंबू म्हणजे खेळात असून नसल्यासारखा. तो मान तोवर बालवाडीतल्या एका पोराकडे होता. त्याने शहाण्यासारखं सरकून बबडीला जागा दिली.

घरी येऊन ती रडली. "बाबा, मला लिंबूटिंबू केलं."

"तुला? अगं, तू तर रोज एवढी धावतेस."

"मी बसून धावते, बाबा. तूच बसवलंस ना."

आईने माझी लोंबणारी वायर गुंडाळून टाकली. "उद्यापासून खाली जायचं. लिंबूटिंबू तर लिंबूटिंबू."

तेव्हापासून मी आवारातच असते. पकडापकडीत मी 'घर' झाले आहे. माझ्यावर पाय ठेवला, की कुणाला धरता येत नाही. चिखलाने माझे बाण पुसट झाले, तरी माझी तक्रार नाही. मला जपा, असं मी म्हणणारच नाही. तुडवा, फाडा. पण मोठी माणसं हे वाचत असतील तर त्यांना सांगते, मुलांच्या दाराला कुलूप म्हणून आम्हाला लावू नका. बाबांवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

काल बबडी माझ्याकडे सुसाट धावत येत होती. हातभर अंतर राहिलं असताना काटकुळीने तिला धरलं. "आउट."

"ती लिंबूटिंबू आहे ना?" बालवाडीतल्या पोराने विचारलं.

"आता नाही."

बाद झालेली बबडी माझ्यावर येऊन उभी राहिली आणि दोन्ही पायांनी धपाधप नाचली. खाली नुसती जमीन होती. कुणाचं डोकं नव्हतं.