चार आट्यांची फट

मित्रांनो, सरळ बसा आणि ऐका. मी एक जुनी लोखंडी कांब आहे. गिरगावातील एका दुमजली लाकडी घराचे पाऊल मी साठ वर्षे धरून ठेवले. माझे अर्धे अंग तळघराच्या काँक्रीटच्या भिंतीत पुरलेले. उरलेले भिंतीवरच्या सागवानी तुळईतून वर आलेले, आणि माथ्यावर नट. जमीन हादरली तरी वरचे घर त्या भिंतीवरून सरकू द्यायचे नाही, हे माझे काम. अशा आम्ही बाराजणी होतो.

लवू मिस्त्रीने आम्हाला बसवले, तेव्हा तो घरमालक अच्युतरावांना म्हणाला, "मालक, लाकूड सुकता, आखडता. वर्साक एकदा नट आवळूक विसरू नकात."

"आमची मंडळी विसरू देतील तर ना!" अच्युतराव हसले.

ते विसरले नाहीत. दर वर्षी गणपतीच्या आधी पाना घेऊन ते तळघरात उतरत आणि बाराही नट आवळत. कोयनेच्या भूकंपात फळीवरची भांडी खाली आली. घर तसूभरही हलले नाही. त्या दिवशी त्यांच्या पत्नीने मला हळदकुंकू वाहिले.

त्यांच्यामागे मुलगा विनीत खाली येऊ लागला. त्याच्या हाती पाना नसे, तैलरंगाचा डबा असे.

"विनीत, बाबा नट आवळायचे ना रे?" त्याच्या बायकोने, वल्लरीने, एकदा विचारले.

"अगं, बघ तरी! तुझ्या स्टीलच्या डब्यांपेक्षा चकचकीत आहे. हिला काय धाड भरलीय?"

खोटे कशाला सांगू, मला ते कौतुक आवडले. नटाखाली तुळई आकसत होती. पडलेली फट दर वर्षीच्या रंगाने बुजत होती.

गेल्या वर्षी एका दुपारी जमीन हलली. धक्का लहानच होता. पण सैल तुळई उसळली, आपटली, चिरली आणि कोपऱ्यातला खांब भिंतीवरून घसरला. माणसे वाचली, घर राहण्याजोगे उरले नाही.

सामान हलवले त्या दिवशी विनीत वडिलांचा पाना घेऊन खाली आला. त्याने माझा रंग खरवडला, पाना लावला. एक आटा, दोन, तीन, चार. तेव्हा कुठे नट लाकडाला टेकला.

"चारच आटे होते, बाबा," तो म्हणाला आणि तिथेच खाली बसला.

मित्रांनो, जे तुम्हाला सांभाळते त्याला खुशाल रंगवा. पण आधी पाना लावा. दुसऱ्या दिवशी घर उतरवणारे मजूर येईपर्यंत ते रिकामे घर मी घट्ट धरून होते.