लापशीनं मुलं वाळतात म्हणे

मित्रांनो, मी एक जुना टांगता वजनकाटा आहे. माझी तबकडी पिवळी पडलीय, काचेला तडा गेलाय, पण स्प्रिंग अजून शाबूत आहे आणि संतापही. आपली कहाणी सांगताना जरा गोड बोलायचं असतं, हे मला ठाऊक आहे. ते मला जमणार नाही.

कारखान्यात माझ्या हुकाला पाच किलोचं वजन लावून बघितलं आणि काटा बरोबर पाचावर थांबला, तेव्हा कुठं मला खोक्यात घातलं. तिथून मी मलावीत आलो, चिल्वा तळ्याकाठच्या एका गावात. दर महिन्याला मला आंब्याच्या फांदीला टांगायचे. पोरांना पट्ट्यांच्या चड्डीत बसवून माझ्या हुकाला अडकवायचे. पोरं भोकाड पसरायची, आया हसायच्या, आणि कोणी ना कोणी माझ्यावर मुतायचंच. ते मी कधी मनावर घेतलं नाही. आरोग्यसेविका तियामिके आकडा मोठ्यानं वाचायची आणि वहीत लिहायची.

नासोलो नावाची एक म्हातारी गावातली लापशी शिजवायची. मका, सोयाबीन, भुईमूग. ज्या मुलाचं वजन वयाच्या मानानं कमी भरेल त्यालाच ती मिळे, कारण सगळ्यांना पुरेल एवढं पीठ कधी यायचंच नाही. तिची दीड वर्षाची नात फालेसी, आई वारलेली पोर, तिथंच जेवायची. "हा म्हातारा खोटं बोलत नाही," असं नासोलो माझ्याबद्दल येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

मग एका जानेवारीत कचेरीतून मुहिवासाहेब आले. एका दिवसात त्यांनी ऐंशी मुलं माझ्यावर तोलून घेतली. चाळीस लापशी खाणारी, चाळीस न खाणारी. लापशीवाली मुलं सरासरी किलोभरानं कमी भरली. साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "लापशीनं मुलं वाळताहेत. बंद करा."

"साहेब," नासोलो म्हणाली, "दवाखान्यात सगळी आजारीच माणसं दिसतात. मग उद्या दवाखान्याला कुलूप लावाल?"

"बाई, तुमची नात तिथं जेवते. तुम्ही असंच बोलणार. आकडे कुणाच्या आजीचे नसतात."

ते आकडे माझे होते, मित्रांनो, आणि एकूण एक खरे होते. हाच तर माझा जळफळाट आहे. एका दिवसात सगळ्यांना तोललं की आज गावात काय परिस्थिती आहे, तेवढं कळतं. दोन टोळ्या शेजारीशेजारी ठेवल्या की त्यांच्यात फरक आहे, तेवढं कळतं. तो फरक कशानं पडला, हे मी कुठून सांगणार? लापशीच्या रांगेत हडकुळी मुलंच होती, कारण माझाच आकडा बघून त्यांना तिथं बसवलं होतं. साहेबांनी ते विचारलंही नाही. आठवड्याभरात पातेलं उचलून नेलं, आणि वर माझं नाव पुढं केलं.

फेब्रुवारीत शेतातला मका कच्चा असतो आणि कणग्या रिकाम्या. जानेवारीत फालेसी आठ किलो शंभर ग्रॅम भरली होती. फेब्रुवारीत सात नऊशे. मार्चात सात सहाशे. नासोलोनं तिचा मण्यांचा करगोटा दोनदा आवळून बांधला.

तियामिकेनं तेवढ्यात एक शहाणपणा केला. वहीच्या मागच्या पानांवर तिनं लापशीवाली तीच चाळीस मुलं घेतली आणि एकेकाच्या नावापुढं दर महिन्याचं वजन मांडलं. आयाही तेच करतात. पोराचा करगोटा शेजारणीच्या पोराला लावून बघत नाहीत, त्याच पोराला तो गेल्या महिन्यात कसा बसत होता ते बघतात. वही घेऊन ती आणि नासोलो चालत कचेरीत गेल्या. साहेब काट्यावरच शंका घेतील म्हणून मलाही पिशवीत घातलं होतं.

साहेबांनी वही चाळली. "हे भुकेचे महिने आहेत. या दिवसांत लापशी असो नसो, सगळ्याच मुलांचं वजन उतरतं. तुमच्या मुलांचं लापशी बंद झाली म्हणून उतरलं, हे कशावरून?"

माझी स्प्रिंग पिशवीतच करकरली. जास्त राग याचा, की माणूस या वेळी बरोबर बोलत होता. मग जानेवारीत ही अक्कल कुठं चरायला गेली होती?

"मग चिठ्ठ्या टाका," तियामिके म्हणाली. "पीठ सहा गावांना पुरतं आणि गावं आहेत बारा. कुठल्या गावाला आधी द्यायचं, हे तुम्ही ठरवू नका आणि मीही ठरवत नाही. नशिबावर सोडा. म्हणजे गरीब गावं, बरी गावं दोन्हीकडं मिसळून जातील आणि भूकही दोघांना सारखीच लागेल. मग जो फरक उरेल तो लापशीचा."

"आणि जी पोरं फारच खाली जातील, ती?" नासोलोनं विचारलं.

"वजन तक्त्यावरच्या लाल रेघेखाली गेलं की सरळ रुग्णालयात, मावशी. गाव कुठलंही असो."

साहेब कबूल झाले, पण कागद हलायला ऑक्टोबर उजाडला. बारा गावांचे प्रमुख जमले. पिशवीत मक्याचे सहा पांढरे दाणे आणि शाईनं काळे केलेले सहा. पांढरा निघाला तर लापशी लगेच, काळा निघाला तर एप्रिलपर्यंत थांबायचं. प्रमुखांनी आधी पिशवी उलटी करून बघितली, मग दाणा काढणाऱ्याच्या बाह्या वर करायला लावल्या. आमच्या गावानं नासोलोला पुढं केलं. तिनं मूठ उघडली. काळा.

"राहू दे," ती म्हणाली, आणि बाजूला जाऊन बसली.

सहा महिने मी बारा गावांत फिरलो. पांढऱ्या दाण्याच्या गावांत मुलं सरासरी नऊशे ग्रॅमनं वाढली, काळ्याच्या गावांत चारशेनं. फालेसी लाल रेघेच्या वरच राहिली, कधी शंभर ग्रॅमनं, कधी जेमतेम पन्नास. साहेबांनी मोठ्या सभेत भाषण केलं, लापशीनं मुलं वाढतात हे आम्ही सिद्ध केलं म्हणाले. टाळ्या पडल्या. त्यांच्या जाडजूड अहवालात त्या जानेवारीबद्दल एक ओळ नव्हती. आमच्या गावात पातेलं परत आलं तेव्हा फालेसी पावणेतीन वर्षांची झाली होती.

आता नवा बॅटरीचा काटा आलाय. मला आरोग्यकेंद्राच्या खिळ्याला टांगलंय, धूळ खात. गेल्या महिन्यात मुहिवासाहेब फेरीवर आले. दारात नासोलोजवळ फालेसी उभी होती.

"ही केवढी? पाचची असेल ना?"

"आठ," नासोलो म्हणाली. "वजन भरून आलं तिचं, साहेब. उंची मात्र खुंटली ती खुंटलीच. तिचं सव्वा वर्ष तुमच्याकडं आहे."

साहेब गाडीकडं गेले.

मित्रांनो, माझी काच बदलू नका, मला तेल घालू नका. माझा आकडा हातात आला की एवढंच विचारा, या मुलांना या रांगेत कुणी बसवलं आणि कशावरून? आणि उत्तर मिळेपर्यंत कुणाच्या ताटाला हात लावू नका.