मुखपृष्ठावरचा चतुर

चतुर आणि टाचणी या दोन कीटकांतला फरक सांगायला मला अकरा वर्षं लागली. थोडक्यात असा: चतुर दणकट, बसला की पंख पसरूनच बसतो. टाचणी सडपातळ, बहुधा पंख पाठीवर मिटून घेते. आमच्या पुस्तकाच्या तिसऱ्या पानावर हेच आहे. मजकूर माझा, फोटो मेहुण्याचे. मुखपृष्ठावर त्याचा लालभडक चतुर होता. पंख मिटलेला.

पुस्तक उद्या छापायला जायचं होतं. मी त्याच्या घरी गेलो.

"हा कुठे सापडला?"

"तुम्हीच लिहिलंय ना, भावजी. तळ्याकाठी, गवताच्या शेंड्यावर, सकाळी."

"असा बसलेला?"

"नशीब लागतं."

नशीब फ्रिजमध्ये होतं. पाण्यासाठी दार उघडलं, तर दह्याच्या भांड्याला टेकून टपालाची पाकिटं उभी. एकातून बारीक खरखर येत होती. दह्यावर एक पाय पडला होता. माझा नव्हता, मेहुण्याचाही नव्हता.

"वरचं काढलं की झालं," म्हणत त्याने तो चमच्याने काढला आणि चमचा चाटला.

मग पाककृती सांगावी तशा उत्साहाने त्याने कृती सांगितली. रात्रभर गारठवायचं, काडीवर डिंकाने चिकटवायचं, वरून पिचकारीने दव. पाकिटात मावावा म्हणून पंख मिटलेले. हा एक उघडायचा राहिला, इतकंच.

मी तिथूनच प्रकाशकांना फोन लावला.

"फोटो खोटा आहे. बदला."

"सर, फार देखणा आहे हो. तिसऱ्या पानावर 'सहसा' घाला ना. एका शब्दाने काय होतंय?"

"चतुर पंख मिटून बसत नाही."

"वाचक कुठे तळ्यावर जाऊन तपासतोय?"

"तो तपासायला जावा म्हणूनच हे पुस्तक आहे! फोटो राहणार असेल तर माझं नाव काढा."

वाटलं, थोडी तरी मनधरणी होईल.

"काढतो," प्रकाशक म्हणाले.

मेहुण्याने खांद्यावर हात ठेवला. हात गार आणि चिकट होता.

"आणि माझा मजकूरही," मी म्हणालो. "एक ओळ वापरायची नाही."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. अकरा वर्षं उलटायला त्यांना फारसा वेळ लागला नाही.

"चालेल सर. फोटो मोठे लावता येतील."